दुतोंड्याच्या पायापासून: गोदाकाठचे तीन दिवस

नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी कमी म्हणतात, गंगा जास्त म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे घाटावर जाऊन येतो. रिक्षावाल्यालाही ‘गंगाघाट’ किंवा ‘रामकुंड’ सांगावं. ‘रिव्हरफ्रंट’ सांगितलं तर तो कुठल्याही पुलाशी सोडेल.

हा काठ तीन दिवसांत, पायी बघायचा आहे. पहिला दिवस घाटाचा, दुसरा पंचवटी आणि तपोवनाचा, तिसरा गोदापार्क, आनंदवल्ली आणि सोमेश्वराचा. मंगळवारी सुरुवात केली तर मधला दिवस बुधवार येतो आणि घाटावरचा आठवडे बाजार सापडतो. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात घाट केव्हा पाण्याखाली जाईल याचा नेम नसतो. एप्रिल-मेमध्ये काळा दगड सकाळी दहालाच तापतो, आणि मंदिरांत अनवाणी जायचं असल्यामुळे तळपाय भाजतात. डिसेंबरात पहाटे कडाक्याची थंडी असते, म्हणून स्वेटर हवाच.

रेल्वेनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की नाशिकरोड स्टेशन घाटापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. स्टेशनबाहेरून निमाणीला जाणारी सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची बस धरावी. निमाणी पंचवटीतच आहे, तिथून रामकुंड चालत दहा-बारा मिनिटं. एसटीनं आलं तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा ठक्कर बाजारला उतरून रविवार कारंजापर्यंत रिक्षा. मुक्काम पंचवटीत केला तर पहाटेचा घाट हाताशी राहतो, पण भाविकांच्या गाड्या आणि लाउडस्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू असतात. झोप हलकी असेल तर सीबीएसच्या बाजूची लॉज बरी. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं लागल्यामुळे पंचवटीतले काही रस्ते खणलेले किंवा वळवलेले असू शकतात. चारचाकी आणली असेल तर ती मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावी.

पहिला दिवस, मंगळवार: होळकर पूल ते सरकारवाडा

सकाळी साडेसहाला रविवार कारंजाहून निघावं. उताराला लागलं की पुलाच्या अलीकडे सुंदरनारायणाचं मंदिर आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ मध्ये बांधलं. २१ मार्चच्या सुमाराला उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर येतात, म्हणजे बांधणाऱ्यांनी मंदिराचा पूर्वेचा रोख किती काटेकोर धरला होता ते कळतं. बाकी बहुतेक दिवशी हा योग नाही, पण सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवरचं कोरीवकाम उठून दिसतं, म्हणून इथे यायचं ते सकाळीच.

पुढे अहिल्याबाई होळकर पूल. जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पुलाच्या मध्यावर थांबून पाण्याच्या वाहत्या दिशेला तोंड करावं. उजव्या हाताला जुनं नाशिक, डाव्या हाताला पंचवटी. एकदा ही खूण मनात बसली की पुढचे तीन दिवस वाट चुकत नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्रात ‘होळकर पुलाखालून इतके हजार क्युसेक’ (सेकंदाला इतके घनफूट पाणी) अशी बातमी येते, ती याच जागेची. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आणि धरणाखाली पडलेल्या पावसाचं, ओढ्यानाल्यांचं पाणी इथे एकत्र मोजलं जातं. म्हणून धरणाच्या विसर्गाचा आकडा आणि होळकर पुलाचा आकडा कधीच जुळत नाही; पुलाचा मोठा असतो. घाटावर जाणाऱ्यानं बघायचा तो पुलाचा.

पूल ओलांडून मालेगाव स्टँडच्या बाजूनं खाली उतरलं की घाट सुरू होतो. नदीच्या पात्रातच एकामागून एक दगडी कुंडं बांधलेली आहेत. जुन्या नोंदींप्रमाणे ती सतरा: लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, रामकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, शारंगपाणी, दशाश्वमेध, रामगया, पेशवेकुंड, खंडोबाकुंड, मुक्तेश्वर वगैरे. नवख्याला हे सगळं एकच पाणी वाटतं. पाणी कमी असताना कडेनं चाललं तर प्रत्येक कुंडाची चौकट, मधला दगडी बांध आणि पुढच्या कुंडात पाणी उतरण्याची जागा वेगवेगळी ओळखू येते.

रामकुंड साधारण २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. ते १६९६ मध्ये बांधलं गेलं, पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. इथे नदी दक्षिणेकडे वळते, म्हणून हे दक्षिणवाहिनी तीर्थ. कुंडातच अस्थिविलय तीर्थ आहे आणि देशभरातून लोक अस्थी घेऊन इथे येतात. गांधीजींच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या. शेजारचा गांधी तलाव आणि स्मारक त्याची आठवण आहे. सकाळच्या वेळी घाटावर दहाव्याचे विधी चालू असतात. पिंडदानाला बसलेल्या माणसांचे फोटो काढू नयेत, त्यांच्या समोरून ओलांडून जाऊ नये. स्वतःच्या घरचा विधी करायचा असेल तर आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगून आपले तीर्थोपाध्याय कोण ते विचारावं. त्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यांच्या नामावळी असतात, आणि आपल्या पणजोबांचं नाव त्यात सापडलं की विधीचा अर्थच वेगळा होतो. दक्षिणा आणि साहित्याचं आधी ठरवून घ्यावं.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. घाटाच्या वरच्या पायऱ्या खरखरीत असतात. पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माणसं घसरतात ती नेमकी तिथेच. पाय टाचेकडून न टेकता पूर्ण तळवा सपाट ठेवावा, साखळी किंवा कठडा धरावा, लहान मुलाला कडेवर घेऊन उतरू नये. कपडे बदलायला जवळच वस्त्रांतरगृह आहे. चपला पिशवीत घालून बरोबर ठेवाव्यात.

कुंडाच्या तळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वरून ते दिसत नाही. सिंहस्थाच्या कामांत अनेक कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं गेलं. साफसफाई सोपी झाली, पण तळातले जिवंत झरे बंद झाल्याची तक्रार गोदाप्रेमी नाशिककर वर्षानुवर्षं करत आले आहेत. पुढे काही कुंडांतलं काँक्रीट फोडून काढण्यातही आलं. झरे बंद असले की नदी वरून वाहील तेवढंच पाणी कुंडात. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणातून पाणी नव्हतं तेव्हा रामकुंड कोरडं पडलं, टँकरनं पाणी आणून ओतावं लागलं. आणि त्याच वर्षी २ ऑगस्टला इथे असा पूर आला की सगळा घाट दिसेनासा झाला. एका वर्षाच्या आत एकाच जागेची ही दोन टोकं.

रामकुंडाच्या काठावरच गंगा-गोदावरीचं मंदिर आहे. ते एरवी बंद असतं, फक्त सिंहस्थ पर्वात, बारा वर्षांतून एकदा उघडतं. समोर टेकाडावर कपालेश्वर. पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी दमानं चढावं. या शिवमंदिरात महादेवापुढे नंदी नाही. रामकुंडातल्या स्नानाचा मार्ग नंदीनं दाखवला, म्हणून शंकरानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा आहे. वरून घाटाचा सगळा पट दिसतो. इथे परत संध्याकाळी यावं.

खाली येऊन प्रवाहाच्या दिशेनं चाललं की नारोशंकराचं मंदिर येतं. खरं नाव रामेश्वर. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलं. सगळं काम काळ्या दगडात. शिखराच्या खालच्या पट्ट्यात मोर, माकडं, मगरी, फुलांच्या माळा इतक्या बारकाईनं कोरल्या आहेत की मान दुखेपर्यंत बघावं. तटाच्या चार कोपऱ्यांवर चार मेघडंबऱ्या, म्हणजे दगडी छत्र्या होत्या. एक पुरात गेली, तीन उरल्या. प्रवेशद्वाराच्या वर मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही घंटा. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १९६९ च्या पुरात पाणी या घंटेपर्यंत पोचलं होतं. ‘नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं’ हे वाक्य जुन्या नाशिककराच्या तोंडी आलं की समजावं, त्याहून मोठा पूर त्याच्या हिशेबात नाही. घंटेखाली उभं राहून आधी वर आणि मग खाली नदीच्या आजच्या पातळीकडे बघावं. मधलं अंतर नजरेनं मोजलं की त्या वाक्याचं वजन कळतं.

नदीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती ही दुसरी मोजपट्टी, आणि रोजच्या वापरातली तीच. दोन तोंडांचा, शेंदूर लावलेला, माणसापेक्षा बराच उंच. हिवाळ्यात त्याच्या पायापर्यंत चालत जाता येतं. पावसाळ्यात शहर पूर मोजतं ते त्याच्या अंगावर: पायाला पाणी, गुडघ्याला, कंबरेला, छातीला, गळ्याला, आणि मग बुडाला. पायाला पाणी लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात. कंबरेपर्यंत आलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतात. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दोन्ही दिवशी मारुती पूर्ण पाण्याखाली होता. धरणातून सोडलेलं पाणी काही तासांत इथे पोचतं, आणि नाशिकमध्ये कडक ऊन असलं तरी त्र्यंबकच्या डोंगरात पडलेल्या पावसानं ते येऊ शकतं. म्हणून ऑगस्टात आभाळ निरभ्र आहे एवढ्यावर घाटावर गाडी लावू नये. गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण ही मोकळी दिसणारी पटांगणं नदीची जागा आहेत, आणि पूर ती परत घेतो. तिथे लावलेल्या गाड्या वाहून गेल्याची दृश्यं दर मोठ्या पुराला दिसतात.

गाडगे महाराज पुलाजवळून उजव्या तीरावर यावं. काठावर देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे. सटाण्याचे हे मामलेदार. दुष्काळात सरकारी खजिना गरिबांसाठी उघडला म्हणून लोकांनी त्यांना देव केलं. १८८७ मध्ये त्यांचा देह नाशिकला पडला. त्यांच्या नावाच्या पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. नदीकाठी, रात्री, उघड्या आकाशाखाली बसून व्याख्यान ऐकायची ही सवय शहरानं जपली, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. जवळच कपूरथळा स्मारक. इंग्लंडला निघालेले कपूरथळ्याचे राजे रणधीरसिंग १८७० मध्ये एडनजवळ वारले, त्यांचं हे स्मारक. मैदानाला नाव पडलं, पण स्मारकाकडे मान वळवून बघणारे कमीच.

वर चढून सराफ बाजारातून सरकारवाड्याशी दिवस संपवावा. पेशवेकालीन वाडा, उंच दगडी जोतं, आतलं लाकडी काम बघण्यासारखं. आत प्रवेश मिळेल की नाही ते दारावर विचारावं; जोतं मात्र बाहेरूनही नीट बघता येतं. सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागणं ही पुराची तिसरी खूण. सराफ बाजार नदीपासून बराच आत, मग इथे पाणी कसं येतं? जमिनीखालून वाहणारा सरस्वती नाला जुन्या गावातलं पाणी नदीत सोडतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड बुडतं, पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि उलटं बाजारात चढतं. त्यामुळे नदी काठाबाहेर यायच्या आधीच बाजारात पाणी दिसतं. जोतं एवढं उंच का घेतलं, ते इथे उभं राहिलं की कळतं.

दुपारी जुन्या गावात साबुदाणा वडा किंवा उलटा वडापाव खावा, घरी न्यायला कोंडाजीचा चिवडा घ्यावा. वाटेत तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा लागले तर लक्षात असू द्यावं की रस्त्याखाली पेशवेकालीन रहाडी आहेत. वर्षभर बुजवलेले हे हौद रंगपंचमीला उघडतात. संध्याकाळी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी रामकुंडावर परतावं. गोदाआरतीला पुढची जागा हवी असेल तर इतकं लवकर यावंच लागतं.

दुसरा दिवस, बुधवार: बाजार, पंचवटी, तपोवन

बुधवारचा बाजार सकाळी आठपर्यंत मांडला जातो, पण खरा भरतो तो दहानंतर. भाजीपाला, सुक्या मिरच्या, लसूण, टोपल्या, सुपं, लोखंडी तवे, विळ्या. नदीच्या उतारावर ताडपत्री अंथरलेली असते. विक्रेता माल नेहमी चढाच्या बाजूला रचतो आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून बसतो, म्हणजे गिऱ्हाईक वरून येतं आणि माल समोर दिसतो. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की हा बाजार तासाभरात उचलावा लागतो. म्हणून इथे कोणी पक्कं शेड बांधत नाही. विळीची धार अंगठ्यानं आडवी बघावी, उभी नाही; तवा घेताना पालथा करून सपाट दगडावर ठेवून हलवून बघावा, डुगडुगला तर पुढच्या ढिगाकडे जावं.

बाजारातून काळारामाकडे. रामकुंडापासून सात-आठ मिनिटांचा चढ आहे, पण सरदार चौकाजवळची गल्ली अरुंद. सणावाराला या बाजूनं जाऊ नये; पंचवटी कारंजाकडून लांबचा रस्ता घ्यावा. सरदार रंगराव ओढेकरांनी १७९० च्या सुमाराला हे मंदिर पूर्ण केलं. दगड रामशेजच्या डोंगरातला. मंदिराला सगळीकडून तट आणि ओवऱ्या आहेत, त्यामुळे आत आलं की गल्लीतला गोंगाट एकदम मागे पडतो. आधी ओवऱ्यांमधून पूर्ण फेरी मारावी आणि मग गाभाऱ्याकडे वळावं. शिखराची उंची चालता चालता चारही बाजूंनी जाणवते, समोरून एकदम नाही.

पूर्व दरवाजाशी थांबावं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्याचे आघाडीचे सेनापती होते, आणि तो पाच वर्षं चालला. दारं बंद राहिली. मंदिराचं कोरीवकाम बघून जाणाऱ्यानं हे दारही तेवढ्याच वेळ बघावं. या जागेचा इतिहास त्याशिवाय अर्धाच राहतो.

चैत्रातल्या कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. मानकरी बुवा रामाकडे तोंड करून, उलट्या पावली चालतात. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो, रामरथ मात्र नदी ओलांडत नाही. तो पंचवटीच्या तीरावरच थांबतो आणि नंतर दोन्ही रथ रामकुंडावर येतात. पहिल्या दिवशी पुलावर उभं राहून धरलेली डाव्या-उजव्या तीराची खूण इथे उपयोगी पडते. नदी ही नुसती मधली जागा नाही, देवालाही तिची हद्द आहे. रथाच्या दिवशी पंचवटीत वाहनं बंद असतात आणि मोबाइलचं नेटवर्क बसतं, तेव्हा बरोबरच्यांना भेटायची जागा आधी ठरवून ठेवावी.

सीतागुंफा जवळच आहे. वडाच्या झाडांना क्रमांक लावलेले आहेत, पाचही मोजून बघावेत. गुंफेची वाट इतकी बुटकी की वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसून सरकावं लागतं. आत हवा कमी. दम्याचा त्रास, मोठं पोट, पाठीवर सॅक, यातलं काहीही असेल तर बाहेरूनच नमस्कार करावा. मागे रांग असल्यामुळे मध्येच परत फिरता येत नाही.

दुपारी ऊन उतरल्यावर, चारच्या सुमाराला तपोवनाकडे निघावं. रामकुंडापासून अडीच किलोमीटर. गणेशवाडीवरून कन्नमवार पुलाखालच्या बाजूनं चालत गेलं तर पाऊण तास लागतो. वाटेत वाघाडी, म्हणजे जिला वरुणा म्हणतात ती, गोदेला मिळते. हिवाळ्यात ती नाल्यासारखी दिसते आणि वासही तसाच येतो. तिला नदी म्हणून ओळखायची सवय सुटली तिथेच तिचा नाला झाला.

तपोवन म्हणजे नाशिकची सगळ्यात जुनी बाग म्हटलं तरी चालेल, फक्त ती कोणी लावलेली नाही. लक्ष्मणाचं मंदिर, शूर्पणखेची कथा सांगणारी ठिकाणं, आणि कपिला-गोदावरीचा संगम. संगमाशी खडकात पाण्यानं आणि माणसानं कोरलेल्या अरुंद वाटा आहेत, त्यांना ब्रह्मयोनी, विष्णुयोनी, रुद्रयोनी अशी नावं आहेत. एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. खडक बेसॉल्टचा, पाण्यानं गुळगुळीत झालेला; पावसाळ्यात शिरू नये, आणि संगमाचं पाणी तोंडात घेऊ नये. जवळच शहराचं मलजल शुद्धीकरण केंद्र आहे, आणि कपिलेतून काय येतं ते नाकाला कळतं.

सिंहस्थात याच परिसरात साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम वसतं. त्यासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. झाडांखालून चालताना तो विरोध का झाला हे सांगावं लागत नाही. शहरात डिसेंबरातही दुपारी चटका बसतो आणि इथे शिरताच अंगावर गारवा येतो. अंधार पडायच्या आत परत फिरावं, संगमाकडची वाट दिव्यांची नाही. परतीला रिक्षा जनार्दन स्वामी आश्रमाच्या चौकात मिळते, आत मिळत नाही.

तिसरा दिवस, गुरुवार: गोदापार्क, आनंदवल्ली, सोमेश्वर

आज नदीच्या उलट्या दिशेनं, वर जायचं. अशोकस्तंभावरून रामवाडी पुलाशी यावं आणि काठाच्या वाटेला लागावं. हा गोदापार्कचा पट्टा. सलग नाही, तुकड्यातुकड्यानं चालता येतो, मध्ये कुठे नाला तर कुठे खासगी कुंपण येतं. तेव्हा वर गंगापूर रोडला येऊन पुढच्या पुलाशी पुन्हा उतरायचं. सकाळी सहा ते आठ चालणारे भरपूर असतात. त्यानंतर वाट रिकामी होते, सावली कमी आहे, पाणी बरोबर ठेवावं. एकट्यानं संध्याकाळी उशिरा इकडे फिरू नये.

पहिल्या दिवशी घाट बघितला नसता तर या वाटेवरचं बिघडलेलं काम नुसतं बिघडलेलं वाटलं असतं. आता कारण दिसतं. इथल्या पदपथाला पेव्हर ब्लॉक बसवलेले, त्यांच्याखाली कच किंवा वाळूचा थर. पुराचं पाणी सांध्यांतून आत शिरतं, वाळू धुऊन नेतं, खाली पोकळी होते आणि ब्लॉक एकामागून एक उचलले जातात. लोखंडी कठडा पाण्याला आडवा उभा. वाहून आलेल्या पाणवेली, फांद्या, प्लास्टिक त्याला अडकतं, जाळीची भिंत तयार होते, पाण्याचा सगळा जोर तिच्यावर येतो आणि कठडा मुळासकट वाकतो. २०१६ च्या पुरानं गोदापार्कची अशीच नासधूस केली. घाटावर असं होत नाही. तिथे पायरीचा दगडच इतका जड की पाणी त्याला उचलू शकत नाही, पायऱ्यांचा उतार पाण्याला वर चढू देतो आणि उतरूही देतो, आणि पाण्याला आडवं फारसं काही नाही. गाळ साठतो तो खरडून काढला की घाट पुन्हा चालायला तयार. एखाद्या जुन्या पायरीवर हात फिरवून बघावा: कडा मध्यभागी खोलगट झिजलेली, दोन्ही टोकांना अजून धारदार. झीज पावलांची आहे. इतके पूर अंगावरून जाऊनही दगड जागचा हललेला नाही, आणि नदीकाठी काय बांधावं याचं उत्तर होळकर पुलाखाली अडीचशे-तीनशे वर्षं समोर पडून आहे. ते बघून पुढचं काम व्हावं असं मनापासून वाटतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर या पट्ट्यात पाणी हिरवं गालिच्यासारखं झाकलेलं दिसतं. त्या पाणवेली. सांडपाण्यातलं खत आणि थांबलेलं पाणी मिळालं की त्या झपाट्यानं पसरतात. यंत्रानं काढल्या तरी नाले तसेच सुरू राहिले की पुन्हा येतात. पक्षी बघायचे असतील तर पाणवेलींच्या कडेला सकाळी सातच्या आत थांबावं. बगळे, ढोकरी, खंड्या हमखास.

आनंदवल्लीला बंधारा आहे, त्यामुळे त्याच्या वर पाणी तुंबून शांत, रुंद दिसतं. हे गाव राघोबादादा पेशव्यांचं. त्यांनी इथे वाडा बांधला. नदीकाठी नवशा गणपती. नवस फेडताना वाहिलेल्या घंटा मंदिरात जागोजागी टांगलेल्या आहेत. मंगळवारी आणि चतुर्थीला फार गर्दी. गुरुवारी निवांत दर्शन होतं, हाही आजचा दिवस इकडे ठेवण्याचा हेतू.

आनंदवल्लीहून सोमेश्वर चालत जाण्याऐवजी गंगापूर रोडवरून बस किंवा रिक्षा करावी. रस्त्याला वाहतूक जास्त, पायवाट नाही. वाटेत मिसळ खायची तर याच रस्त्यावर. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, बाजूला दही. आधी रस्सा थोडाच ओतून घ्यावा, तिखट सोसतंय असं वाटलं तर पुन्हा मागावा. रस्सा पुन्हा मिळतो.

सोमेश्वर महादेवाचं मंदिर नदीकाठी झाडीत आहे, आणि तिथून थोडं पुढे धबधबा, ज्याला लोक दूधसागरही म्हणतात. बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांवरून नदी रुंद पसरून पडते. धबधबा किती मोठा दिसेल हे पावसावर तितकं नाही, जितकं वरच्या धरणावर अवलंबून. गंगापूर धरण इथून जवळच वर आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेलं हे मातीचं धरण, क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट, नाशिक शहर मुख्यतः त्याचंच पाणी पितं. नदीत आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळ सोडलेलं पाणी सुटलेलं असेल तर डिसेंबरातही धबधबा भरून असतो, नसेल तर खडकांतून दोन-चार धारा. धारा असतील तेव्हा खडकातले रांजणखळगे नीट बघता येतात. भोवऱ्यात अडकलेला गोटा फिरून फिरून खडकात गोल खड्डा पाडतो, आणि काही खळग्यांच्या तळाशी तो गोटा अजून सापडतो.

याच खळग्यांमुळे माणसं बुडतात. पाणी गुडघाभर दिसतं, पुढचं पाऊल खळग्यात पडतं, तोल जातो आणि शेवाळामुळे कडा हाताला धरता येत नाही. फोटोसाठी धबधब्याच्या माथ्यावर जाऊ नये. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली किंवा आवाज वाढला तर सामान न उचलता आधी काठावर यावं. वर पाणी सोडल्याची ती खूण असू शकते.

परतीची बस गंगापूर रोडवर येऊन पकडावी, सीबीएसपर्यंत सात-आठ किलोमीटर. संध्याकाळी सहानंतर या रस्त्याला गर्दी वाढते. नाशिकरोडहून रात्रीची गाडी असेल तर सोमेश्वराहून पाचलाच निघावं.